तांब्यावरचा रुबेन्स

सतराव्या शतकातले एखादे धार्मिक मुद्राचित्र हाती घेतले, तर चित्राची चौकट जिथे संपते तिच्याखाली एक अरुंद पांढरी पट्टी दिसते. तिच्यात बारीक लॅटिन अक्षरांत बहुधा दोन नावे असतात, कधी तीन. एका नावापुढे 'पिंक्सिट' असते, म्हणजे याने रंगविले. दुसऱ्यापुढे 'स्कल्प्सिट', याने कोरले. आणि तिसरे नाव असलेच, तर त्यापुढे 'एक्स्कुडिट', याने प्रसिद्ध केले. कलेच्या इतिहासाने यांतले पहिले नाव तेवढे ठळक अक्षरांत उतरवून घेतले. दुसरे संग्रहालयांच्या सूचींत पडून राहिले, आणि 'प्रतिरूपण करणारा' असे काहीसे खालच्या पायरीवरचे विशेषण त्याला चिकटले. युरोपातल्या बरोक काळाची धर्मचित्रकला मात्र तिच्या मूळ वेदीपासून दूर जिथे जिथे पोचली, तिथे ती प्रामुख्याने या दुसऱ्या नावाच्या माणसांच्या हातून पोचली. या दोन नावांत एकदा उघड भांडण झाले होते. ते भांडण नीट पाहिले, तर कोरणाऱ्याचे काम नेमके काय होते, याचा बराच उलगडा होतो.

भांडणाचे गाव अँटवर्प. १५६६ च्या उन्हाळ्यात तिथल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे जमावाने फोडली. पुढे शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असताना, १५८१ साली, उरलेसुरले नगरसभेच्या हुकमाने गाजावाजा न करता उतरवले गेले. १५८५ मध्ये स्पेनच्या फौजेने शहर परत घेतले आणि रित्या वेद्या पुन्हा भरण्याचे मोठे काम सुरू झाले. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्येच निर्वाळा दिला होता, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा त्याला तो पोचतो. (सगुणोपासनेचा असाच खुलासा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे तर्कशास्त्र परके वाटणार नाही.) १६०८ साली इटलीहून परतलेला पीटर पॉल रुबेन्स या रिकाम्या भिंतींचा चित्रकार झाला. पण वेदीचे चित्र जागचे हलत नाही. कॅथीड्रलमधले त्याचे 'क्रुसावरून अवतरण' लाकडी फळ्यांवर रंगवलेले, उंचीला चार मीटरहून अधिक. ते पाहायचे तर अँटवर्पला जायला हवे. कागदावरचा छाप मात्र माणसाबरोबर कुठेही जातो. प्रार्थनापुस्तकात, विद्यार्थ्याच्या खोलीत, धर्मप्रचारकाच्या पेटीत त्याला जागा मिळते. शिवाय अँटवर्प हे मुळात छापखान्यांचे शहर; प्लान्टिनचा विख्यात छापखाना तिथलाच.

आता ही कला कशी चालत असे ते पाहू. ठोकून, घासून आरशासारखी केलेली तांब्याची पट्टी घ्यायची. तिच्यावर पातळ मेण चढवून, पाठीमागे खडू घासलेले रेखाटन ठेवायचे आणि बोथट सुईने त्याच्या कडा दाबून उमटवायच्या. मग कोरणी. ही चौकोनी काटाची पोलादी सळई, टोकाला तिरपी घासलेली, मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ. लेखणी आपण स्वतःकडे ओढतो. कोरणी पुढे ढकलायची असते. पट्टी वाळूने भरलेल्या चामड्याच्या उशीवर टेकवलेली. वळणदार रेघ हवी असेल तर हात जवळजवळ स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने पट्टीच फिरवायची. कोरणी खोल गेली की रेघ रुंद होते, वर आली की केसासारखी बारीक. चुकलेली रेघ खोडता येत नाही. फार तर तेवढा भाग खरवडून, मागून ठोकून पुन्हा सपाट करता येतो. हा सारा कसब मूळचा सोनारांचा आणि शस्त्रांवर नक्षी कोरणाऱ्यांचा. नंतर जवसाच्या तेलात खललेली काजळी खाचांत भरायची, वरचा पृष्ठभाग आधी चिंधीने आणि मग तळहाताने पुसून लख्ख करायचा, ओला कागद वर ठेवून दोन लाटांच्या दाबयंत्रातून पट्टी ओढून घ्यायची. आपल्याकडे ताम्रपट म्हणजे कोरलेले तेच अखेरचे, आचंद्रार्क टिकावे म्हणून तांब्यावर घातलेले. इथे तांबे हे केवळ साधन होते. छाप काढता काढता ते झिजून जाई, आणि टिकायचा तो कागद.

छाप उलटा येतो, ही आणखी एक अडचण. उजव्या हाताने आशीर्वाद देणारा ख्रिस्त छापात डावखुरा होतो, आणि धर्मचित्रात असे चालत नाही. तेव्हा रेखाटन आधीच उलटे करून पट्टीवर घ्यावे लागे. ज्यांनी हा खटाटोप केला नाही, त्यांच्या छापांवरून पुढे कोणी चित्र रंगवले, की तेही उलटेच झाले. आज अभ्यासकांना हा उलटेपणा फार उपयोगी पडतो. कोणत्या दूरच्या चित्रकारापुढे कोणता छाप होता, मूळचा की नकलेची नक्कल, हे त्यावरून ताडता येते.

खरा प्रश्न मात्र याच्या पलीकडचा आहे. शेंदरी रंग काळ्या रेघेत कसा सांगायचा? ओल्या डोळ्याची चकाकी, मेलेल्या मांसाचा निळसर पांढुरका रंग, रेशीम आणि लोकर यांतला फरक, हे सारे रेघेची जाडी, दोन रेघांतले अंतर, त्यांचे एकमेकींना छेदणारे कोन आणि मधल्या चौकटीत टोचलेले ठिपके एवढ्या सामग्रीत मांडायचे होते. या भाषेचे व्याकरण आधीच्या पिढ्यांनी तयार केले होते. १५६५ पासून टिशियनबरोबर काम करणाऱ्या कॉर्नेलिस कॉर्टने फुगत आणि निमुळती होत जाणारी रेघ रुळवली. हार्लेमच्या हेन्ड्रिक गोल्त्सियसने तिला अशी कसरत करायला लावली, की पाहणारा चित्रविषय विसरून रेघेकडेच पाहत राहावा.

कसरतीचे टोक पाहायचे असेल तर क्रम मोडून १६४९ सालच्या पॅरिसकडे वळावे लागते. क्लोद मेलाँने त्या वर्षी व्हेरोनिकाच्या वस्त्रावरचा ख्रिस्ताचा चेहरा कोरला, आणि तो एका रेघेत कोरला. नाकाच्या टोकापासून निघालेली रेघ चक्राकार फिरत पूर्ण कागद व्यापते. कुठेही दुसरी रेघ तिला छेदत नाही. ती फक्त जाड-बारीक होते, आणि तेवढ्यावर डोळे, काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब, कापडाच्या चुण्या प्रकट होतात. याला नुसती करामत म्हणून बाजूला सारणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. कथा अशी, की क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचा घामेजला चेहरा व्हेरोनिकाने पुसला आणि वस्त्रावर तो चेहरा जसाच्या तसा उमटला. म्हणजे ही प्रतिमा कोणी काढलेली नव्हतीच. तो एक छाप होता. छाप काढणे हाच ज्याचा धंदा, त्याने तो पुन्हा कागदावर काढावा आणि खाली कोरावे, की हा एकमेव एकाच्याच हातून घडला! यातली श्लेषाची बाजू लक्षात घेतली, तर धर्म आणि कसब इतके एकजीव झालेले क्वचितच दिसते. फक्त एक लक्षात ठेवायला हवे: मेलाँने हे चित्र स्वतःच योजले होते. दुसऱ्याचे रंग त्याला सांगायचे नव्हते.

रुबेन्सला मेलाँ चालला नसता. १६१९ च्या जानेवारीत हेगमधल्या पीटर व्हान व्हेनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की याहून तरबेज कोरणारा मिळाला असता तर बरे झाले असते. पण थोर कलावंतांनी आपल्या लहरीप्रमाणे काम करावे, त्यापेक्षा एखाद्या मन लावून काम करणाऱ्या तरुणाने ते माझ्या डोळ्यांदेखत करावे, हे कमी वाईट. हा तरुण म्हणजे लुकास व्होर्स्टरमन, असे अभ्यासक मानतात. तो तेव्हा पंचविशीच्या आतला होता.

त्याच पत्रव्यवहारात रुबेन्सची दुसरी खटपट दिसते, ती अधिकारपत्रांची. चित्राचा छाप बाजारात आला की आठवड्याभरात कोणीही त्याची नक्कल कोरून विकू शकत असे. तेव्हा रुबेन्सने १६१९ मध्ये फ्रान्सच्या राजाकडून आणि दक्षिण नेदरलँड्सच्या राज्यकर्त्यांकडून, आणि आधी नकार मिळूनही १६२० च्या फेब्रुवारीत प्रॉटेस्टंट डच प्रजासत्ताकाकडून, आपल्या चित्रांच्या नकला इतरांनी करू नयेत असे हुकूम मिळवले. ही तिन्ही नावे मग छापांच्या तळाशी कोरली जाऊ लागली. डच हुकूम मिळवून देण्यात हेगमधला इंग्रज वकील डडली कार्लटन याचा हात होता. १६१८ मध्ये रुबेन्सने आपली चित्रे देऊन याच्याकडून प्राचीन शिल्पे घेतली होती. व्होर्स्टरमनने कोरलेले 'क्रुसावरून अवतरण' १६२० मध्ये निघाले, ते कार्लटनलाच अर्पण केलेले आहे. म्हणजे कॅथलिक वेदीचे चित्र, प्रॉटेस्टंट मुत्सद्द्याला अर्पण, आणि पुढे डच बाजारात विक्रीस. धर्माच्या नावाने तलवारी उपसल्या जात होत्या, त्या काळात छापील कागद असे सीमेपलीकडे जात होते.

हा छाप दोन फुटांहून थोडा कमी उंचीचा आहे. चित्रात एक पांढरे वस्त्र वरून तिरपे खाली येते आणि त्यावरून ख्रिस्ताचा देह ओघळतो. शिडीवरच्या एकाने वस्त्राचे टोक दातांत धरले आहे. खाली लाल झग्यातला योहान पाय रोवून भार पेलतो आहे. मूळ चित्रात त्या लाल रंगामुळे पांढरे अधिक पांढरे दिसते. व्होर्स्टरमनपाशी लाल नाही आणि पांढरेही नाही. न कोरलेला कागद तेवढा आहे. म्हणून तो भोवतीचे सारे दाट जाळ्यांत बुडवतो, झग्याला मधल्या वजनाचा करडा देतो, आणि वस्त्र व देह यांवर कमीत कमी कोरतो. गोल्त्सियससारखी डोळ्यांत भरणारी रेघ तो टाळतो. त्याच्या रेघा लहान, आखूड, पोतानुसार दिशा बदलणाऱ्या. दुरून त्या रेघा वाटतच नाहीत, छटा वाटतात. रुबेन्सच्या कार्यशाळेने या कलेला दिलेले नवे वळण हेच. कोरीव रेघ आता केवळ आकार सांगत नव्हती, रंगांचे परस्परांतले वजन सांगू लागली होती.

हे श्रेय कोणाचे? इथे मधल्या एका टप्प्याचा विचार करावा लागतो. एवढे मोठे चित्र पट्टीशेजारी ठेवून कोरता येत नाही. त्याचे पट्टीच्या आकाराचे, रंग काढून घेतलेले, काळ्या खडूचे आणि शाईचे रेखाटन आधी तयार होई. त्यांतली काही तरुण व्हॅन डाइकने केली, असे त्याचा चरित्रकार बेलोरी सांगतो. त्यावर रुबेन्स स्वतः कुंचला फिरवून उजेड-अंधार पक्के करी. पुढे कच्चे छाप निघाले की त्यांवरही पांढऱ्या-काळ्या रंगाने दुरुस्त्या करी. असे हात फिरवलेले छाप पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहेत. म्हणजे रंगाचे छटेत आणि छटेचे रेघेत, असे हे दोन पायऱ्यांचे भाषांतर होते, आणि पहिल्या पायरीवर रुबेन्सचा ताबा पुरा होता.

दुसऱ्या पायरीवर ठिणगी पडली. १६२१ मध्ये स्पेनच्या राजाला अर्पण केलेले 'बंडखोर देवदूतांचे पतन' निघाले, आणि त्यानंतर काम जवळजवळ थांबले. १६२२ च्या एका पत्रात रुबेन्स व्हान व्हेनकडे तक्रार करतो, की कोरणाऱ्याच्या लहरीपणामुळे गेली दोन वर्षे फारसे काही निघालेले नाही. या छापांना जे मोल आहे ते आपल्या कोरण्यामुळे आणि आपल्या नावामुळे, असे तो म्हणतो आहे. आणि रुबेन्सचे उत्तर काय? तर छापांपेक्षा रेखाटने अधिक काळजीपूर्वक आणि अधिक पूर्ण केलेली आहेत. ती माझ्यापाशी आहेत, कोणालाही दाखवीन. त्याच वसंतात रुबेन्सच्या जिवाला एका माणसाकडून धोका असल्याचे त्याच्या मित्रांनी ब्रसेल्सला कळवले आणि इन्फान्ता इझाबेलाने संरक्षणाचा हुकूम दिला. तो माणूस व्होर्स्टरमनच असावा, असा बहुतेक चरित्रकारांचा कयास आहे. व्होर्स्टरमन पुढे इंग्लंडला गेला.

आपल्यापर्यंत आलेली ही बाजू जवळजवळ सगळी रुबेन्सची आहे. त्याची पत्रे जपली गेली. तो राजदूत होता, विद्वानांचा मित्र होता. व्होर्स्टरमनची कैफियत आपण ऐकतो ती रुबेन्सच्या वाक्यातून, आणि तीही उपहासाने सांगितलेली. तरी तिच्यात तथ्य होते, असे मला वाटते. रेखाटन कितीही पूर्ण असले तरी त्यात ओला डाग असतो, खडूचा धूसर पुसट भाग असतो. तांब्यावर धूसर काहीच नसते, एक तर खाच असते किंवा नसते. त्या दोहोंतले अंतर रुबेन्सच्या कुंचल्याने भरून निघण्याजोगे नव्हते.

विसाव्या शतकात विल्यम आयव्हिन्स या अभ्यासकाने १९५३ सालच्या पुस्तकात कोरणाऱ्यांवर वेगळा आरोप ठेवला. त्यांच्या रेघांच्या ठरीव जाळ्याने प्रत्येक मूळ कृतीला एकाच साच्यात बसवले, आणि युरोपने शतकानुशतके चित्रांऐवजी ती जाळीच पाहिली, असे त्याचे म्हणणे. छायाचित्र आल्यावर जगाची त्यातून सुटका झाली. आयव्हिन्सचे म्हणणे चिकाटीने मांडलेले आहे आणि सुमार कोरणाऱ्यांच्या बाबतीत खरेही आहे. पण त्यामागे एक गृहीत आहे: प्रतिरूप म्हणजे मधे कोणी नसणे. आपल्या परंपरेला हे गृहीत मानवण्याजोगे नाही. गीतेवरची टीका म्हणून लिहिलेला ग्रंथ मराठीचा आद्य वैभवग्रंथ ठरला. तो गीतेची नक्कल आहे की स्वतंत्र आहे, असा प्रश्न इथे कोणी फारसा ताणला नाही. मधला माणूस दिसला तर मूळ झाकोळते, हा समज अलीकडचा आणि बाहेरचा. योगायोग असा, की व्होर्स्टरमन अँटवर्पमध्ये रंगांचे रेघेत भाषांतर करू लागला त्याच्या जेमतेम दोन-एक वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यातल्या रायतूर येथे फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले होते, ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणणारे.

छाप पुढे कुठे कुठे गेला, ते पाहिले की मधल्या माणसाचे वजन कळते. रेम्ब्रांटने १६३३ च्या सुमारास 'क्रुसावरून अवतरण' रंगवले. नेदरलँड्सच्या उत्तरेत राहणाऱ्या या चित्रकारापुढे रुबेन्सची वेदी नव्हती, व्होर्स्टरमनचा कागद होता. रचना त्याने तिथून घेतली आणि सौष्ठव टाकून दिले. त्याचा ख्रिस्त जड, मलूल, खरोखर मेलेला आहे. रेम्ब्रांटला लाल झगा ठाऊक नव्हता, उजेडाची वाटणी ठाऊक होती.

पेरूतल्या कुस्को शहरात तर धर्मचित्रांच्या करारांतच अमुक छापाप्रमाणे चित्र हवे, असे लिहिले जाई. इंका वंशातला चित्रकार दिएगो किस्पे तितो याने १६८१ साली तिथल्या कॅथीड्रलसाठी राशिचक्राची मालिका रंगवली, ती आद्रियान कोलार्टने हान्स बोलच्या चित्रांवरून कोरलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या छापांवर आधारलेली. मेक्सिकोत प्वेब्ला कॅथीड्रलच्या वस्त्रागारात १६७५ साली बाल्तासार दे एचावे रिओहाने रुबेन्सची युखारिस्त-विजयाची दृश्ये भिंतभर मोठी केली, तीही छापांवरून. कोरणाऱ्याने काढून घेतलेले रंग या चित्रकारांनी आपल्या मनाने पुन्हा भरले. कुस्कोत तर वस्त्रांवर सोन्याची नक्षीही चढली. २००५ पासून चाललेल्या एका संशोधनप्रकल्पाने स्पॅनिश वसाहतींतली चित्रे आणि त्यांचे कोरीव स्रोत यांच्या हजारो जोड्या जुळवल्या आहेत.

आपल्या बाजूला ही वाट गोव्यातून आली, आणि रुबेन्सच्याही आधी. १५८० मध्ये गोव्याहून निघालेल्या जेझुइट मंडळींनी फतेपूर सिक्रीत अकबराला प्लान्टिनच्या छापखान्यातले बहुभाषी बायबल नजर केले. त्याची कोरीव मुखपृष्ठे दरबारी चित्रकारांनी अभ्यासली. जहांगीरच्या चित्रसंग्रहांच्या हाशियांत युरोपीय छापांतल्या आकृती मोगली कलमाने पुन्हा अवतरलेल्या दिसतात.

कधी कधी तर मूळच नाहीसे होते. अँटवर्पच्या जेझुइट चर्चच्या छतासाठी रुबेन्सने १६२० च्या करारानुसार एकोणचाळीस चित्रे दिली होती. १७१८ च्या जुलैत वीज पडून लागलेल्या आगीत ती सारी जळाली. काही वर्षे आधी याकोब दे वित या चित्रकाराने त्यांची रेखाटने करून ठेवली होती, आणि त्यांवरून यान पुंटने १७५१ मध्ये छाप काढले. रुबेन्सची तैलरंगांतली कच्ची चित्रे काही उरली आहेत. पण पुरे छत नजरेसमोर आणायचे तर या मधल्या माणसांकडेच जावे लागते.

व्होर्स्टरमननंतर रुबेन्सने त्याच्याच शिष्याला, पाउलस पाँटियसला, हाताशी धरले. पुढे स्खेल्टे बोल्स्वर्ट आला, आणि लाकडी ठशांसाठी क्रिस्तोफेल येगर. काम उत्तम चालले, भांडणे झाली नाहीत. १६३५ मध्ये पॅरिसमध्ये नक्कल करणाऱ्याविरुद्ध रुबेन्सचा खटलाही चालला. व्होर्स्टरमन १६३० च्या सुमारास अँटवर्पला परतला, पण आता व्हॅन डाइकसाठी कोरू लागला. उतारवयात त्याची दृष्टी अधू झाली आणि १६७५ मध्ये तो दारिद्र्यात वारला. व्हॅन डाइकने समकालीन नामवंतांच्या व्यक्तिचित्रांची जी छापील मालिका काढली, तिच्यातली बहुतेक चित्रे इतरांनी कोरली. थोडीच त्याने स्वतः, तांब्यावर मेण चढवून, सुईने रेखाटून आम्लात टाकली. त्या थोड्यांत एक चित्र लुकास व्होर्स्टरमनचे आहे.